गावाने दिलेला होकार

आत्मकथन लिहायचं माझं वय झालेलं नाही, हे मला कोणी सांगायला नको. दात शाबूत आहेत, केस काळे आहेत, गुडघे कुरकुरत नाहीत. पण आमच्या ग्रामपंचायतीच्या कचेरीत कपाटाच्या वर एक चौकट लावलेली आहे आणि तिच्यात सोनेरी वेलबुट्टीचं प्रशस्तिपत्र आहे. त्या वर्षी आमच्या गावाने साथीला वेशीबाहेर थोपवून धरलं, म्हणून ते मिळालं. गेल्या गणपतीत दाखल्यासाठी कचेरीत गेले, तर तात्या तिथे बसलेलेच. तात्या म्हणजे आमच्या गावचे जुने पोस्टमास्तर, ठराव लिहिण्यात हातखंडा. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून मला चौकट दाखवली. गावातली प्रत्येक पोर त्यांना चेडू. "बघ गो चेडवा, आजूबाजूच्या खंयच्या गावाक मिळाला नाय. आमचो गाव तेवा एका जिवाचो होतो." मी दाखला घेतला आणि बाहेर आले. केस पांढरे होईपर्यंत थांबले, तर त्या वर्षाची आठवण म्हणून गावात ती चौकट तेवढी राहील. एका जिवाच्या गावाने काय केलं ते मला आत्ताच लिहायला हवं, कारण मला अजून राग येतो आहे.

कसालहून आत वळलं की तीन वळणांवर आमचा गाव. रवळनाथाचं देऊळ, त्याला लागून प्राथमिक शाळा आणि शाळेच्या गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, गडगा लावून आमचं घर. घरात आम्ही तिघं. बाबा, आई आणि बारावीचा अभ्यास करायचा आव आणणारी मी. भात, थोडी काजूची झाडं, पाच हापूसची कलमं. घराच्या मागल्या अंगाला एक खोली होती, कायम कुलूपबंद. ती भाऊकाकाची खोली. भाऊकाका म्हणजे बाबांचा थोरला भाऊ. मुंबईत एका छापखान्यात पुस्तकं बांधायच्या कामाला. त्याला नि काकीला मूलबाळ नव्हतं. ती खोली त्याने स्वतः उभं राहून बांधून घेतली होती, पूर्वेला खिडकी, खिडकीखाली बसायला कट्टा. "निवृत्त झालंय की हय बसान चाय पियान," असं तो प्रत्येक मे महिन्यात म्हणायचा आणि कट्ट्यावर बसून मापही घ्यायचा. त्या वर्षी तो निवृत्त होणार होता. आदल्या दिवाळीतच त्याची लोखंडी ट्रंक आणि काकीचं शिवणयंत्र गावी येऊन पडलं होतं. ती दोघं आता कायमची घरी येणार, ह्यात कोणाला काही विचारायचं राहिलेलं नव्हतं.

मग देशाला कुलूप लागलं. ते वर्ष सगळ्यांनी पाहिलं आहे, त्यामुळे काय झालं ते मी सांगत बसत नाही. आमच्याकडे ते आधी कानांना कळलं. सकाळची एसटी वळणावर हॉर्न द्यायची, तो बंद झाला. एका संध्याकाळी सगळ्यांनी घरापुढच्या खळ्यात उभं राहून थाळ्या वाजवल्या. आईने वाजवायला पितळी परात घेतली आणि तिला पोचा आला, म्हणून नंतर दोन दिवस हळहळत होती. कर्णा बांधलेली रिक्षा फिरायची, तिच्यातला माणूस शहरी मराठीत सांगायचा की विनाकारण घराबाहेर पडू नये. आमच्या आवाठातला, म्हणजे वाडीतला, एक म्हातारा रोज तिला उत्तर द्यायचा, "कारण आसा रे, बैल बांधूचो आसा." आणि फोन लावला की पलीकडचं माणूस बोलायच्या आधी एक खोकला ऐकू यायचा. काकाचा फोन लावला की आधी तो परका खोकला आणि मग काकाचा आवाज.

खाण्याची मात्र चंगळ होती, हे कबूल करायला हवं. आंबा न्यायला कोणी येत नव्हतं. पेट्या भरून मुंबईला जाणारा हापूस आम्ही सकाळी पेजेबरोबर, दुपारी भाताबरोबर आणि रात्री नुसताच खाल्ला. शेवटी आईने रस वाळवून साठं घालायला घेतली आणि घरभर त्याचा गोड वास कोंडून राहिला. होड्या बंद होत्या, तेव्हा ताज्या मासळीचं नाव नाही, पण आईच्या डब्यात सुके बांगडे होते. ते भाजून, ओलं खोबरं घालून किसमूर केली की बाबा दोन भात जास्त जेवायचे. आणि जेवताना काकाचा फोन आला की हात थांबायचे. चाळीत चाळीस माणसांना मिळून चार संडास. समोरच्या खोलीतला माणूस गाडीतून नेला तो परत आला नाही. काका हे असं सांगायचा जसं काही दुसऱ्याच कोणाचं सांगतोय. "आमी बरी आसंव. तुमी काळजी करू नकात." येऊ का, असं त्याने एकदाही विचारलं नाही. बाबांनीही एकदाही ये म्हटलं नाही. शेवटी एका दुपारी आईने बाबांच्या हातातून फोन घेतला आणि म्हणाली, "भावजी, घर तुमचां आसा. येवा." बाबा उठून बैलांकडे गेले.

परवाना मिळायला बरेच दिवस गेले. मग एका पहाटे भाड्याची गाडी करून ती दोघं निघाली आणि दुपारी खारेपाटणहून फोन आला. जिल्ह्याच्या सीमेवर गाड्यांची रांग लागलेली होती. कागद बघणारे होते, कपाळावर यंत्र धरणारे होते, पण बायामाणसांना आडोसा म्हणून काही नव्हतं. काकी सकाळपासून पाणीही प्यायली नव्हती. काका एवढंच म्हणाला, "आपल्याच जिल्ह्याच्या दारात बसलंव, गो. कोण आत घेता काय बघतंव." मला ते हसण्यावारी नेता आलं नाही. माझ्या जन्मापासून हा माणूस दर मे महिन्यात खारेपाटणचा पूल ओलांडला की नारळ फोडायला गाडी थांबवायचा.

संध्याकाळी गाडी आली. मी धावत वळणापर्यंत गेले तर रस्त्यावर आडवा बांबू, आणि बांबूच्या अलीकडे तात्या आणि गावाच्या दक्षता समितीची चार माणसं, तोंडाला उपरणी बांधलेली. त्या समितीत बाबाही होते. तात्यांनी हाताने दाखवलं आणि गाडी आमच्या घराकडे न येता शाळेच्या अंगणात वळली. काकीचा हात खिडकीबाहेर आला होता, बांगड्या घातलेला. तो मला बघून हलला आणि आत गेला. चौदा दिवस शाळेत राहायचं हा नियम होता. नियमाबद्दल माझी तक्रार नाही. आमच्यापासून धड दवाखाना किती लांब आहे ते मला माहीत आहे, आणि भीती मलाही वाटत होती. तक्रार आहे ती पुढची.

शाळेच्या दोन खोल्या. भिंतीवर मुळाक्षरं, एका कोपऱ्यात रचलेली बाकं, मोकळ्या जमिनीवर दोन चटया. काका ह्याच शाळेत शिकलेला. आम्ही जेवण गडग्यावर ठेवायचं, मागे शेवग्यापर्यंत सरकायचं, मग काकाने येऊन उचलायचं. तिकडे गेलेलं भांडं परत आणायचं नाही, असा तात्यांचा हुकूम. चार दिवसांत आमच्या घरातले सगळे डबे शाळेत जमा झाले आणि आईला आमटी कशातून द्यायची हा प्रश्न पडला. कुळथाची पिठी, फणसाची भाजी, किसमूर, रोज काहीतरी निराळं. काका जेवून झाल्यावर गडग्यापाशी येऊन मोठ्याने सांगायचा, "पिठी बरी झालेली, पण काकी तुझी मीठ मागता." आणि आम्ही हसायचो. पण बाकीचा गाव शाळेसमोरून जायचा तो तोंड फिरवून. काका आला की ज्या बायका पिशवी घेऊन "भाऊनू, आमका काय हाडलास?" करत यायच्या, त्या आता मळ्यातून वळसा घालून पाण्याला जात होत्या. देवळाचा सभामंडप मुंबईतल्या गावकऱ्यांच्या मंडळाने बांधला, शाळेचं छप्पर त्यांनीच घातलं. ज्या छपराखाली काकाला कोंडलं ते त्याने घरोघर पावत्या फाडून उभं केलेलं होतं. मी हे तेव्हा आईला म्हटलं, तर ती म्हणाली, "लोकांक भय वाटता गो." भय वाटतं ते समजतं. पण भ्यालेल्या माणसाला लांबून हात हलवायला काय जातं, ते मला अजून कळलेलं नाही.

आता गाऱ्हाण्याबद्दल. आमच्याकडे गावावर काही आलं की देवाला गाऱ्हाणं घालतात. एकाने देवापुढे उभं राहून सगळ्या गावाच्या वतीने मागायचं आणि दर मागणीला जमलेल्यांनी एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणायचं. त्या होकाराशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही. ते घालायचा मान आमच्या घरातल्या थोरल्याचा, म्हणजे भाऊकाकाचा. तो मुंबईला, म्हणून त्याच्या वतीने बाबा. आमच्या गाऱ्हाण्यात एक मागणी कधी चुकली नाही. पोटापाण्यासाठी मुंबईला गेलेल्या लेकरांना तिथे सुखी ठेव आणि तुझ्या पायांकडे परत आण. त्या मागणीला गाव सगळ्यांत मोठ्याने "व्हय म्हाराजा" म्हणायचा, कारण घरटी एक माणूस तिथे.

काका येऊन दहा दिवस झाले तेव्हा सोमवारी साथीचं गाऱ्हाणं ठरलं. देवळात पाचच माणसांना परवानगी. मग बाकीच्या गावाने होकार द्यायचा कसा? तात्यांनी तोड काढली. देवळावर कर्णा बांधला आणि गावाला सांगितलं की प्रत्येकाने आपापल्या खळ्यात उभं राहून म्हणावं. सकाळी आई आणि मी आंघोळ करून खळ्यात उभ्या राहिलो, हात जोडून. कर्ण्यातून बाबांचा आवाज आला. घरात चार शब्द बोलायला जड जाणारे बाबा गाऱ्हाण्यात मात्र वेगळेच माणूस व्हायचे, आवाजात एक जरब यायची.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळ्या खळ्यांतून आलं. वरच्या आवाठातून, मळ्यापलीकडून, पाणंदीच्या टोकाकडून, मागेपुढे होत. असं मी कधी ऐकलं नव्हतं. अंगावर काटा आला.

"आज तुझी सगळी लेकरां आपापल्या दारात हात जोडून उभी आसत म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"हो जो काय रोग इलेलो आसा, तेका गावाच्या शिमेभायर ठेव म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आणि जो कोण मुंबयसून तो रोग घेवन येता, तेचीय वाट थंयच बंद कर म्हाराजा. तेका शिमेच्या आत घेव नको म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.

सवयीने म्हटलं. तीन-चार वर्षांची असल्यापासून म्हणत आले होते, बाबांचा सूर खाली आला की तोंड आपोआप उघडायचं. शब्द बाहेर पडला आणि मग त्याचा अर्थ आत शिरला. शेजारी आईचे हात कधीच सुटले होते, ती गप्प होती. गाऱ्हाणं पुढे चालू राहिलं, पण मुंबईच्या लेकरांना परत आणण्याची मागणी आली नाही. देवळापासून शाळा चाळीस पावलं. काका आणि काकी पडवीत उभी असणार, हात जोडून, कारण ह्या घरातल्या थोरल्याने गाऱ्हाणं बसून ऐकायचं नसतं.

बाबा घरी आले. आईने पाट मांडला, भात वाढला आणि म्हणाली, "थोरल्याच्या मानान गाराना घातलास आणि थोरल्याकच भायर ठेवलास?"

"तात्यान कागदार लिवन दिलेला," बाबा म्हणाले. "चार माणसांत मी काय बोलतलंय?"

हे चार माणसांत प्रकरण मला पाठ आहे. माझे बाबा वाईट नाहीत. बैलाला चाबूक उगारत नाहीत, आईला कधी अरे-तुरे करत नाहीत. पण चार माणसं एकत्र जमली की त्यांच्या तोंडातली जीभ त्या चार माणसांची होते. हे लिहिते आहे ती मी काकाच्या मुंबईच्या खोलीतल्या पोटमाळ्यावर बसून. माझी नोकरी इथे आहे, आणि आता त्या मुंबईच्या लेकरांत मीही मोडते. आता ती मागणी गाऱ्हाण्यात पुन्हा आली आहे, जशी काही कधी गेलीच नव्हती. मी गावी असले की बाबा ती माझ्याकडे बघून म्हणतात. मी त्या वेळी चपला शोधायला बाहेर जाते.

चौदावा दिवस उजाडला. आईने मागली खोली उघडून झाडली, शेणाने कट्टा सारवला, वडे करायला पीठ मळलं. काकाला आणि काकीला साधी शिंकसुद्धा आली नव्हती, आरोग्य केंद्राच्या बाईंनी येऊन तसं लिहूनही दिलं होतं. बाबांनी धुतलेला शर्ट घातला. मला वाटलं भावाला आणायला निघाले, म्हणून मी मागोमाग गेले. शाळेच्या फाटकात समिती उभी होती. तात्यांनी बाबांच्या हातात एक कागद दिला. आमच्या घरचा माणूस म्हणून आमच्याच घरच्या माणसाने वाचावा, अशी त्यांची रीत. काका पडवीच्या पायरीवर येऊन उभा राहिला. अंगात इस्त्रीचा सदरा, पिशवी भरून बाजूला ठेवलेली. काकीने केसात अबोली माळली होती. शाळेच्या कुंपणावरची असणार.

बाबांनी वाचलं. "बाहेरगावाहून आलेल्या व्यक्तींनी आणखी चौदा दिवस शाळेतच मुक्काम करावा, असे सर्वानुमते ठरले आहे. तरी सदर व्यक्तींनी समितीस सहकार्य करावे."

जन्मात कधी बाबा काकाशी ह्या भाषेत बोलले नव्हते. काकाने विचारलं,

"सदर व्यक्ती म्हणजे मी काय रे, वसंता?"

बाबा कागदाकडे बघत होते.

"आणि सर्वानुमते म्हणजे? तू पण?"

बाबांनी कागदाची घडी घातली. मग मीच ओरडले. काय ओरडले ते सगळं आठवत नाही. बाईंनी लिहून दिलेलं तुम्हाला वाचता येत नाही का, असं विचारलं. जन्मभर ज्यांच्या मनिऑर्डरी वाटल्यात, त्यांना आता रस्ता दाखवता का, असं तात्यांना विचारलं. तात्या शांतपणे म्हणाले, "चेडवान मदी बोलूचा नाय." आणि बाबा म्हणाले, "सायली, गप." ते एवढं स्पष्ट बोलू शकत होते, हे मला तेव्हा कळलं. काकाने पिशवी उचलून आत नेली आणि आतून म्हणाला, "बरां."

दुसऱ्या दिवशी सकाळी पेज घेऊन गेले तर अंगणात गाडी उभी होती. पलीकडच्या गावात मुंबईची माणसं सोडून ती रिकामी परत चालली होती. काकाने रात्रीच फोन करून ठरवलं होतं. काकीने दोन्ही खोल्या झाडून, बाकं पहिल्यासारखी लावून ठेवली होती. वळणावरचा बांबू एरवी कोणासाठी उचलला जात नव्हता. त्या सकाळी तो उचलायला समितीची बाकी सगळी माणसं हजर होती. बाबा नव्हते. ते आमच्या गडग्यामागे उभे होते, त्यांचं डोकं दिसत होतं. काकानेही बघितलं असणार. पण त्याने हाक मारली नाही, आणि ते पुढे आले नाहीत.

"खोली उघडी ठेव सांग तुझ्या आवशीक," काका मला म्हणाला. "वापरा. ओली पडता बंद खोली."

मी म्हटलं, "जाऊ नका काका. चौदा दिवस मी रोज जेवण आणीन."

"चौदा दिवसांचा काय नाय गो. अठ्ठावीस रवलो असतंय." तो थांबला. "पण आता घरात शिरान तेवा ह्येंच्या परवानगेन शिरान. तां माका नको."

मग मला ते सांगितल्याशिवाय राहवेना. गडगा दोघांच्या मध्ये होता, माझ्या हातात पेजेचं भांडं होतं. "काका, सोमवारी गाऱ्हाण्यात मीपण..."

"व्हय म्हाराजा म्हटलंस, तां मा?" तो म्हणाला. "आयकलंय मी. सगळ्यांच्या आधी तुझोच आवाज इलो, घर शाळेक लागान मा." त्याच्या बोलण्यात बोल लावण्यासारखं काही नव्हतं. त्याने गाडीकडे मान वळवली. काकी आत बसून पदर सारखा करत होती. "तुझी काकी माका म्हणाली, आयकलास? आपला चेडू बोलता. बरा वाटला गो तिका."